इच्छारेषा

फॉर्म सात पानी. पेन दोऱ्याने बोर्डाला बांधलेलं.
मानखुर्दच्या गल्लीत दाराबाहेरच उकिडवी बसून
मी पाठ केलेला प्रश्न विचारते:
काल दिवसभरात केलेल्या फेऱ्या सांगा,
कुठून कुठे, कशाने, किती मिनिटं, किती पैसे.

लंका खिल्लारे, वय चौतीस, मूळ गाव परतूरकडे,
मांडीवर बांगड्यांचं खोकं, बोटांना खडे चिकटवायचा गोंद.
"मी कुटं जाते, ताई? मी हितंच असते.
जातंय ते आमचं माणूस. ठाण्याला. त्याचं घ्या लिहून."

घेतलं लिहून. एक ओळ. बस, मग दुसरी बस.
पेनाला टोपण लावलं तेव्हा चहा आला,
आणि टोपण लावलेलं बघून ती बोलायला लागली.

पाणी पहाटे चारला. नळ दोन गल्ल्या पलीकडे,
जाताना पाच मिनिटं, हंडा भरला की आठ.
धाकटीची बालवाडी, नाल्यावरच्या फळीवरून जवळ,
पण फळी हलते, म्हणून वळसा.
रेशनवर तिचा अंगठा उमटत नाही, गोंदाने गुळगुळीत झालाय,
म्हणून परत घरी, सासूचा अंगठा आणायला,
म्हणजे अख्खी सासू आणायला.
"सिग्नल सुटतो तवा म्हातारी अर्ध्यात असती.
मग मी हात वर करते. थांबतेत ट्रकवाले. थोडे."
रिक्षा? "पाय लईच सुजला तर.
न्हाईतर त्या पैशात दोन दिसाची भाजी होती."
मग ठेकेदाराकडे माल पोचवायचा, नवा आणायचा,
आणि बालवाडी सुटते ती बरोब्बर त्याच वेळेला.

टोपण काढलं. अकरा फेऱ्या.
फॉर्मात रकाने सहा. उरलेल्या मागच्या कोऱ्या बाजूला.

हर्डीकर सर भले गृहस्थ. पवईच्या चढावर सायकलने येतात,
घामेजलेल्या शर्टाने भाषण न देता कामाला बसतात.
त्यांनी पान उलटून दोनदा वाचलं.
"खरं आहे सगळं. पण हे एकाच झोनच्या आत आहे.
आतल्या फेऱ्या मॉडेल धरत नाही.
झोनची हद्द ओलांडली, तरच प्रवास."

नकाशावर प्रत्येक झोनला एक मध्यबिंदू असतो.
झोनमधली सगळी माणसं तिथूनच निघतात, असं मानायचं.
बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ रेषा, जितके लोक तितकी जाड.
त्यांना इच्छारेषा म्हणतात.
शब्द मीच केला, अहवालासाठी. करताना आवडला होता.

रात्री आमचा बिंदू मोठा करून पाहिला.
तो कचऱ्याच्या डोंगरावर पडला होता.
घर नाही, थांबा नाही, धूर आणि घारी.
तिथून निघून लंकाबाईंचा नवरा
खाडीवरून, फ्लेमिंगोंच्या डोक्यावरून,
रेघेसारखा सरळ ठाण्याला चालला होता.
लंकाबाईंची रेषा त्या बिंदूतून निघून
त्याच बिंदूत. जाडी शून्य.

सरांनी परिशिष्टाला परवानगी दिली. परिशिष्ट ड.
मला त्यात एक आकडा हवा होता:
म्हातारीला रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद.
शनिवारी फॉर्म न घेता गेले, स्टॉपवॉच घेऊन.
"त्या कागदाचं काय झालं?"
"मागे लावलाय. शेवटी."
"मागं तर मागं," लंकाबाई म्हणाल्या,
"हिचा तो हात धरा, मला आज पिशवी हाय."

धरला. हलका होता, आणि गरम.
चौदाव्या सेकंदाला दिवा बदलला तेव्हा आम्ही दुभाजकाच्याही अलीकडे.
लंकाबाईंचे दोन्ही हात गुंतलेले,
म्हणून मी माझा मोकळा हात वर केला,
ज्या हातात घड्याळ होतं.

पलीकडे पोचून, म्हातारीला पायरीवर बसवून,
चप्पल शोधून, पाणी देऊन झाल्यावर आठवलं.
ते अजून चालूच होतं. सहा मिनिटं, बावीस सेकंद.
नोंद बाद. वहीत मात्र ठेवलीय.